प्रश्न विचारण्यापुरते ज्ञान

(वर्षावासानिमित्त विहारातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वर्षावासात धम्मावर बोलावयाचे सोडून संगणकावर कसले बोलता, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकात भरला जातो. त्यांचा जातीचा दाखला संगणकातून निघतो. रेशन, मजुरी, निवृत्तिवेतन, बँकेतील ठेव या सर्वांच्या नोंदी संगणकात आहेत, आणि तो संगणक आता मोबाईलच्या रूपाने आपल्या खिशातही आलेला आहे. तेव्हा या यंत्रासंबंधी सामान्य माणसाला किती कळले पाहिजे, हा प्रश्न आपल्या हक्कांचाच प्रश्न होय.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, यंत्र वापरावयाचे तर ते आतून बाहेरून समजून घेतलेच पाहिजे. दुसरे मत असे की, मोटारीत बसणाऱ्याला इंजिन कळण्याची गरज नसते. बटण दाबावे आणि काम करून घ्यावे. पहिले मत कष्टकरी माणसाला शक्य नसलेली अट घालते. दुसरे मत त्याला आंधळा ठेवते. माझे नम्र मत असे की, यंत्र कसे बनले हे सर्वांना कळण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याने आपल्याविषयी काय लिहून घेतले, ते कोठे ठेवले आणि चूक झाल्यास जबाबदार कोण, हे विचारण्यापुरते ज्ञान प्रत्येकास असलेच पाहिजे. त्याहून कमी ज्ञानावर भागत नाही.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपण येथे अनेकदा ऐकला आहे. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. आपल्या पूर्वजांना पोथी वाचू दिली नाही, आणि वर पोथीत लिहिले आहे म्हणून त्यांना गावाबाहेर ठेवले. ती पोथी आपण टाकून दिली. आता तिच्या जागी संगणकाचा पडदा आणून बसवू नये. "संगणकात असेच दाखवते" हे वाक्य कचेरीच्या खिडकीतून ऐकल्याबरोबर आपण मान खाली घालून परत फिरणार असू, तर पोथी बदलली, माणूस बदलला नाही, असेच म्हणावे लागेल.

पडद्यावरील आकड्यावर अंधविश्वास ठेवल्याने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. तेथील टपाल खात्याच्या हजारो लहान शाखा खाजगी चालक करारावर चालवितात. 1999 पासून त्या शाखांत होरायझन नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसविण्यात आली. ती फुजित्सू या कंपनीची होती. थोड्याच काळात अनेक शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पेटीतील रक्कम बरोबर असे, पण पडदा कमी दाखवी. चालकांनी मदतीसाठी दूरध्वनी केले, तेव्हा कित्येकांना सांगण्यात आले की अशी तक्रार करणारे तुम्हीच एकटे आहात. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी चालकाची. लोकांनी घरातील पुंजी भरली, कर्जे काढली. ज्यांना भरता आले नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोटा हिशेब ठेवल्याचे खटले झाले. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक निरपराध माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी आत्महत्या केल्या.

न्यायालयाला हे कसे दिसले नाही, असे आपण विचाराल. तेथील 1984 च्या कायद्यात असे कलम होते की, संगणकातील कागद पुरावा म्हणून दाखल करावयाचा असल्यास संगणक नीट चालत होता हे दाखविले पाहिजे. ते कलम 1999 च्या कायद्याने रद्द केले गेले. त्यानंतर संगणक बरोबर चालतो असेच गृहीत धरले जाऊ लागले, आणि तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात आरोपीवर पडला. ज्याच्यापाशी यंत्राच्या आतील नोंदीच नाहीत, तो हे कसे सिद्ध करणार?

या चालकांपैकी वेल्समधील ॲलन बेट्स हा गृहस्थ अन्यायाविरुद्ध उभा राहिला. त्याने होरायझन बनविले नव्हते. पण यंत्रातून निघालेले कागद त्याने एकेक करून तपासले आणि आपल्या तुटीचा मोठा भाग दुबार नोंदींमुळे झाला असल्याचे शोधून काढले. ज्या हिशेबाच्या नोंदी आपणांस पाहता येत नाहीत, त्यातील तुटीची जबाबदारी मी घेणार नाही, असे त्याने सांगितले. 2003 मध्ये त्याचा करार संपविण्यात आला. त्याने पत्रव्यवहार जपून ठेवला, आपल्यासारखी इतर माणसे शोधली, त्यांची संघटना केली. पुढे 555 चालकांनी मिळून दावा लावला. डिसेंबर 2019 मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांनी निर्णय दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्या दोषांनी शाखांच्या हिशेबात तूट निर्माण होऊ शकत होती. शाखेतील नोंदी चालकाच्या नकळत दुरून बदलता येत होत्या, हेही उघड झाले. वर्षानुवर्षे ते नाकारण्यात आले होते. 2021 मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी 39 जणांची शिक्षा रद्द केली, आणि 2024 मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या बहुतेकांना दोषमुक्त केले.

या लढ्याचा बोध असा की, बेट्सला ज्याची गरज पडली ते अभियंत्याचे ज्ञान नव्हते. यंत्र चुकू शकते, त्याच्या नोंदी दुसरा कोणी बदलू शकतो आणि त्या पाहण्याची मागणी करता येते, इतकेच त्याला ठाऊक होते. ते त्याने सोडले नाही, आणि तो एकटाही राहिला नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, या बाबासाहेबांच्या आदेशाचा अर्थ याहून वेगळा तो काय?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमान्वये संगणकातील नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करताना जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वीच्या कायद्यातही 65-ब या कलमात अशी तरतूद होती. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले की, मूळ यंत्रच हजर केलेले नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. अर्थात यंत्राच्या शब्दामागे सही करणारा माणूस उभा असला पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. न्यायालय जे मागते ते कचेरीच्या खिडकीशी आपण का मागू नये?

आता घरात प्रत्येकाला, मग ती आजी असो की शाळेत जाणारी मुलगी, कोणत्या गोष्टी कळल्या पाहिजेत ते सांगतो.

पहिली गोष्ट ही की, संगणक विचार करून न्याय देत नाही. कोणीतरी माणसाने आधी लिहून ठेवलेले नियम तो पाळतो. अर्जात पर्यायांची यादी दिसते, तीही कोणीतरी ठरविलेली असते. तीत आपला पर्याय नसेल तर दोष आपला नव्हे, यादी करणाऱ्याचा आहे. आणि माणसाने केलेली यादी माणसाला बदलता येते.

दुसरी गोष्ट, पिन आणि ओटीपी म्हणजे आपली सही. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई आणि वर हवी ती रक्कम लिही. ओटीपी दुसऱ्यास सांगणे म्हणजे असाच कोरा अंगठा देणे होय. मोबाईलवरून पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी. "पैसे जमा करतो, पिन टाका" असे जो म्हणतो तो लबाड आहे, हे एवढे एक वाक्य घरोघरी पाठ झाले तरी अनेकांची मजुरी वाचेल. तरीही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर आणि बँकेस कळवा. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व असे की, खातेदार जितक्या लवकर कळवील तितकी त्याच्यावरील नुकसानीची जबाबदारी कमी. तेव्हा जो उशीर करतो तो आपलाच हक्क कमी करतो.

तिसरी गोष्ट, मोबाईलमध्ये दिसणारी प्रत्येक वस्तू मोबाईलमध्येच असते असे नाही. पुष्कळशी माहिती दुसऱ्याच्या संगणकात साठविलेली असते. एखादे ॲप आपले फोटो, आपले संपर्क किंवा आपण कोठे आहोत हे पाहण्याची परवानगी मागते, तेव्हा विजेरीसारख्या साध्या कामाला संपर्कांची यादी कशाला, असे विचारावे आणि खुशाल नकार द्यावा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाचा आहे. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. इंग्रजी येत नाही म्हणून न वाचता मान्य करण्याचे कारण यापुढे राहू नये.

चौथी गोष्ट धर्मांतरित कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत अर्ज भरणारा मुलगा घाईत असतो. धर्माच्या रकान्यात तो न विचारता "हिंदू" निवडतो, आणि आपण पडदा न पाहता पैसे देऊन बाहेर पडतो. दीक्षाभूमीवर जे आपण जाहीरपणे सोडले ते एका बोटाच्या टिचकीने पुन्हा आपल्या नावापुढे लागते. काही कुटुंबे तर सवलत जाईल या भीतीने स्वतःच तसे लिहवून घेतात. या भीतीला आता कायद्यात आधार नाही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा अनुसूचित जातीचा दर्जा तेव्हापासून केंद्राच्या कायद्यानेही मान्य आहे. त्यासाठी 34 वर्षे लढावे लागले. लढून मिळविलेला शब्द दुसऱ्याच्या घाईत गमावू नका. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर असलेली अनुसूचित जात, हे दोन्ही बरोबर पडले की नाही ते अर्ज पाठविण्यापूर्वी पडद्यावर वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या. नंतर छापील पोचपावती मागा आणि ती घरातील पेटीत ठेवा.

हीच दक्षता जनगणनेतही हवी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला. 2027 ची जनगणना कागदाऐवजी मोबाईलवरील ॲपने करण्याचे शासनाने जाहीर केले आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा त्याने काय नोंदविले ते त्यालाच वाचून दाखवावयास सांगा.

आणि अर्ज नाकारला गेला तर? "संगणक घेत नाही" हे कारण कायद्याला माहीत नाही. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील चौथे कलम शासकीय कचेरीवर अशी जबाबदारी टाकते की, तिच्या प्रशासकीय निर्णयाची बाधा ज्यास होते त्यास तिने कारणे दिली पाहिजेत. महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये 2015 पासून अधिसूचित सेवांसाठीच्या अर्जाची पोच मिळण्याचा, नकाराची कारणे लेखी मिळण्याचा आणि अपील करण्याचा हक्क आहे. तेव्हा खिडकीपाशी वाद घालू नका. "आपले म्हणणे लेखी द्या" एवढेच शांतपणे सांगा. यंत्रामागे लपलेला माणूस त्या वाक्याने बाहेर येतो.

शेवटी एक विनंती. पुष्कळ घरांत मोबाईलचे सारे ज्ञान थोरल्या मुलाकडे असते, आणि आईचे खाते, बहिणीचा अर्ज, आजीचे निवृत्तिवेतन त्याच्या मुठीत जाते. जे ज्ञान एकाच्या हाती साठते ते इतरांवर सत्ता गाजविते, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणी भोगलेले नाही. ती व्यवस्था आपल्या घरात नको. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात बसा. ज्याला येते त्याने शिकवावे, आणि शिकवताना दुसऱ्याच्या हातातील मोबाईल स्वतःच्या हाती घेऊ नये. बोट त्याचेच असू द्यावे. पहिल्या रविवारी एकच काम करा: प्रत्येक कुटुंबाने आपल्या अर्जांच्या आणि दाखल्यांच्या पावत्या घेऊन याव्यात आणि धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. चूक आढळली तर दुरुस्तीचा अर्ज तेथेच लिहावा. त्यासाठी मी आणि माझे वकील मित्र येथे हजर राहू.

जयभीम. नमो बुद्धाय.