परिचारिकेच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या सीमाभागातील बसस्थानकांवर व भिंतींवर परिचारिकेच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. थोड्या महिन्यांचे शिक्षण आणि लगेच नोकरी, असे आश्वासन त्यांत असते. मुली गुणपत्रिका घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात व विचारतात, “नाव घालू का?” त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नाही, म्हणून आज त्याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम हे काम कोणते ते पाहू. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावयाची, म्हणजे पाठीला व्रण पडत नाहीत. त्याचे अंग पुसावयाचे, त्याला भरवावयाचे, शौचपात्र द्यावयाचे व उचलावयाचे, ताप व नाडी पाहून नोंद ठेवावयाची. ज्याला हे हलके वाटत असेल त्याने एक रात्र ते करून पाहावे. परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो, त्या शब्दात धर्मभगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या रुग्णसेवेची आठवण आहे. पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले, तेव्हा परक्या रुग्णाची शुश्रूषा घरंदाज स्त्रीने करावी हे समाजाला रुचत नव्हते. तरीही रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, त्यांतही विधवांना, या शिक्षणाकडे वळविले. आजही रात्रपाळीचे नाव निघताच काही घरांत भुवया चढतात. त्या पालकांनी रमाबाईंचे धैर्य आठवावे.

आता शिक्षणाचे मार्ग. पहिला रुग्णसहायकाचा, हा काही महिन्यांचा असतो. सहायकाने परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णाची निगा राखावयाची. सुई टोचणे त्याच्या कक्षेत येत नाही. दुसरा ए. एन. एम., म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविकेचा. त्यासाठी बारावी उत्तीर्ण व वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि शिक्षण २ वर्षांचे असते. खेड्यांतील उपकेंद्रांत लस टोचणारी, गरोदर स्त्रियांची काळजी वाहणारी नर्सबाई ती हीच. तिसरा जी. एन. एम.चा, ३ वर्षांचा. या शेवटच्या दोन शिक्षणक्रमांनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, आणि परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार त्या नोंदणीने मिळतो.

धोका आहे तो येथेच. काही ठिकाणी पहिल्या मार्गाचे शिक्षण दुसऱ्याच्या नावाने विकले जाते. आईच्या बांगड्या गहाण ठेवून फी भरलेली असते. पुढे सरकारी जागेसाठी अर्ज करताना नोंदणी क्रमांक मागितला जातो, आणि मुलीच्या हाती नुसता रंगीत कागद असतो. मग ती एखाद्या लहान खाजगी दवाखान्यात अल्प पगारावर लागते. तेथे तिला न शिकविलेली कामेही करावी लागतात, आणि काही विपरीत घडले तर बोट तिच्याकडेच वळते.

म्हणून फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेचे नाव परिचर्या परिषदेच्या यादीत आहे काय? ती यादी स्वतः पाहावी. भिंतीवर टांगलेल्या चौकटीवर विसंबू नये. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या? खाटेजवळ उभे राहिल्यावाचून ही विद्या येत नाही. आणि प्रमाणपत्रावर नेमके कोणते शब्द छापलेले असतील? त्याचा नमुना मागावा. भरलेल्या पैशांची पावती घ्यावी, व मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवू नये.

बेळगावकडील ज्या मुली मिरज-कोल्हापूरकडे शिकावयास जातात, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्यांची नोंदणी आधी महाराष्ट्रात होते. कर्नाटकात नोकरी करावयाची तर ती तेथील परिषदेकडे बदलून घ्यावी लागते. आणि रुग्ण कन्नड बोलतो, मराठी बोलतो, कोंकणीही बोलतो. “कुठे दुखते?” एवढे तरी तिन्ही भाषांत विचारता यावे.

रुग्णसहायकाचा मार्ग कमी योग्यतेचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. घरच्या अडचणीमुळे जिला दोन वर्षे थांबता येत नाही, तिने तो खुशाल घ्यावा. शहरांतून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना अशा जाणत्या हातांची फार गरज आहे. फक्त आपण काय शिकत आहोत आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे तिला पहिल्या दिवशीच ठाऊक असावे.

फी घेण्याची घाई संस्थेला असते, मुलीला ती असण्याचे कारण नाही. दोन दिवस थांबावे, यादी पाहावी, आणि मग निःशंक मनाने नाव घालावे.