साग चांद्याचा, पटाशी कोणाची?



लाकडावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल. पण लाकूड म्हटले की आम्हांला आधी मजुरी दिसते.

२०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघाले. चांद्याच्या सागाचा तो मानच. दारे मात्र घडविली हैदराबादच्या एका कंपनीने, तमिळनाडूच्या कारागिरांकडून. त्या कारागिरांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. प्रश्न एवढाच, की ज्या जंगलातला साग, तिथल्या सुताराच्या हाती पटाशी का नव्हती?

आगारात लाकूड लिलावाने विकते, आणि बोली लागते ती आख्ख्या थप्पीवर. सुताराला हवी असते एका देव्हाऱ्यापुरती फळी. थप्पी व्यापारी घेतो, आणि सुतार तेच लाकूड आरागिरणीतून व्यापाऱ्याचा नफा भरून घेतो, नाहीतर दुसऱ्याच्या कारखान्यात रोजाने रंधा मारतो.

बुरुडाचे दुखणे निराळे. बांबू हे खरे म्हणजे गवत. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरविले. २०१७ साली सुटका झाली, तीही जंगलाबाहेरच्या बांबूची. जंगलातल्या बांबूला वाट दाखविली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. रांजीतले कोवळे बांबू राखून पिकलेले तोडले, तर रांजी वर्षानुवर्षे देत राहते. हे बुरुडाला कोणी शिकवावे लागत नाही. (शहाण्यांना मात्र लागते!)

तोडलेला बांबू नुसता विकला तर मजुरी तोडण्यापुरती. त्याचीच सुपे, टोपल्या, चटया झाल्या तर घरातल्या चार हातांना काम. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात ही कला शिकवितात. पण शिकलेल्याला कच्चा माल वेळेवर मिळाला पाहिजे.

म्हणून आमची मागणी अशी: निस्ताराचा माल गावकऱ्यांसाठी राखतात, तसा आगारातला काही माल लहान मापात, ठरल्या दराने कारागिरांसाठी राखावा. तोवर दहा सुतारांनी सोसायटी करून लिलावाची अनामत भरावी. भांडणे होतील, हे आम्ही जाणतो, युनियनमध्येही होतात. पण मग थप्पीवर बोली लावायला व्यापाऱ्याशेजारी सुतारही उभा असेल.