अर्ध्यावरून परतलेला विद्यार्थी आणि आपण

(संस्थेच्या वर्षावास प्रवचनमालेच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आश्विन पौर्णिमा. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आज पूर्ण झाला. ठरलेल्या मुदतीपर्यंत एका ठिकाणी राहण्याचे हे व्रत आहे. अशा दिवशी, मुदत पुरी न करता परत आलेल्या एका विद्यार्थ्याविषयी बोलण्याचे आम्ही ठरवले आहे. काहींना हे विसंगत वाटेल. शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही विनंती.

आपल्या संस्थेने २०२२ च्या जानेवारीत एका पदवीधर मुलाला वर्षभराच्या धम्मसेवा प्रशिक्षणासाठी श्रीलंकेत पाठवले. कँडीच्या बाजूच्या एका गावातील विहारात राहायचे, भन्तेंकडे पाली शिकायची आणि रविवारी मुलांची धम्मशाळा भरते तिथे मदत करायची, असे ठरले होते. त्यासाठी कुणी एका पगारातील रक्कम दिली, कुणी शंभर-शंभर रुपये दरमहा दिले. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींनीही वाटा उचलला. निरोप समारंभात याच सभागृहात हारांचा ढीग पडला होता.

पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. २०२१ साली तिथल्या सरकारने रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली आणि भाताचे पीक घटले. परकीय चलन संपत आले. २०२२ च्या मार्चअखेर दिवसाला तेरा-तेरा तास वीज जाऊ लागली. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. दवाखान्यांत औषधे मिळेनात, आणि जूनअखेरीस तर अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना पेट्रोल-डिझेल देणेच बंद झाले.

विहारातले जेवण गावकऱ्यांच्या दानावर चालते. तो मुलगा सांगतो, आधी दानाच्या भांड्यात भात आणि चार-पाच भाज्या असत. मे महिन्यात भात आणि एक आमटी राहिली. दूरची मुले धम्मशाळेला येईनाशी झाली. एका रविवारी एक आजी भाताचे छोटे भांडे घेऊन आल्या. त्यांच्या घरी त्या दिवशी चूल एकदाच पेटणार होती, हे याला नंतर कळले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. तो सेवेला गेला होता आणि आता गावावर एक जास्तीचे तोंड झाला होता. त्याने भन्तेंना विचारले. भन्ते म्हणाले, "शिकायला पुन्हा येता येईल. आता जा."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो परत आला. वर्षाऐवजी सहा महिन्यांत. नंतर आठवडाभरातच, ९ जुलैला, कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात लोक शिरल्याची दृश्ये आपण दूरदर्शन संचावर पाहिली.

त्याला आणायला विमानतळावर फक्त त्याचे वडील गेले होते. हार तर सोडाच, आम्ही कार्यकारिणीतले कुणीही गेलो नाही. पुढच्या बैठकीत एकाने "पळून आला" असा शब्द वापरला. दुसऱ्याने अर्धे पैसे परत मागावेत असे सुचवले. आम्हीही त्या बैठकीला हजर होतो आणि गप्प बसलो. ही गोष्ट आज सर्वांसमोर कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

बंधू-भगिनींनो, विनय पिटकातल्या महावग्गात वर्षावासाचे नियम आहेत. वर्षावास मोडू नये, हा मूळ नियम. पण आई-वडील आजारी असतील, सहकारी भिक्खू आजारी असेल, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा आहे. त्याही पुढे जाऊन भगवंतांनी सांगितले आहे की हिंस्र पशू, साप, चोर यांचा उपद्रव झाला, विहार जळाला किंवा पुरात गेला, पुरेसे अन्न मिळेना, प्रकृतीला मानवेल असे अन्न वा औषध मिळेना, तर वर्षावास अर्ध्यावर सोडून निघून जावे. अशा वेळी व्रत मोडले तरी दोष लागत नाही. पालीत त्याला 'अनापत्ति' म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने व्रताबरोबर व्रत सोडण्याची रीतही सांगून ठेवली, त्या धम्माच्या नावाने चालणाऱ्या आपल्या संस्थेच्या ठरावात परत येण्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मग चूक कुणाची?

आपल्या मातीतलेच उदाहरण घ्या. गोव्यातल्या सांखवाळ गावी जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली बुद्धाच्या शोधात श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले, श्रामणेर झाले. पण तिथला आहार त्यांना मानवला नाही, प्रकृती ढासळली आणि त्यांना मद्रासला परतावे लागले. त्यांनी तेवढ्यावर अभ्यास सोडला नाही. ब्रह्मदेशात जाऊन ते शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. त्यांना त्या वेळी कुणी 'पळून आलेला' म्हणून घरी बसवले असते, तर नुकसान कुणाचे झाले असते?

आणि बाबासाहेब? १९१६ साली ते कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना भारतात परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते परत लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. विद्यार्थी मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. बाबासाहेब परतले, पण दार लावून परतले नाहीत.

आम्ही बँकेत कारकून आहोत, म्हणून आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते, मुद्दल बुडत नाही. मुद्दल अडकून पडते ते खाते बेवारस सोडले, कागदपत्रे हरवली, वारसाचे नाव लावले नाही, तर. म्हणजे प्रश्न लवकर आलास का, हा नाही. आवराआवर नीट केलीस का, हा आहे.

त्या मुलाने ती कशी केली, हे आम्हाला फार उशिरा समजले. ग्रंथालयाची पुस्तके त्याने मोजून परत केली. धम्मशाळेतल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि त्याचा धडा कुठवर आला, हे वहीत लिहून गावातल्या एका शिक्षिकेच्या हाती ती वही दिली. बरोबर नेलेली तापाची आणि पोटाची औषधे विहारात ठेवली. त्या आजींना भेटून नमस्कार केला. चलन बदलल्याच्या पावत्यांसह हिशेब आणि उरलेली रक्कम त्याने आल्यानंतर चौथ्या दिवशी आपल्या खजिनदारांकडे जमा केली. आमच्या नोकरीत असे चोख बंद केलेले खाते आम्ही क्वचितच पाहिले आहे.

आपण मात्र त्याला एकदाही या व्यासपीठावर बोलावले नाही. त्याचा परिणाम सांगतो. नंतरच्या वर्षी एका मुलीने अर्ज केला होता. तिच्या आईने आमच्या घरी येऊन विचारले, "भाऊ, काही झालं आणि पोरीला मधेच यावं लागलं, तर लोक तिलाही नावं ठेवतील ना?" आम्हाला उत्तर देता आले नाही. मुलीने अर्ज मागे घेतला. एक मुलगा सहा महिने आधी परत आला, यात आपले फारसे गेले नाही. एक मुलगी गेलीच नाही, यात पुष्कळ गेले.

म्हणून तीन सूचना मांडतो. पहिली, विद्यार्थी पाठवताना परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे त्याला येण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. दुसरी, प्रकृती, घरची अडचण, अन्न-औषधांची टंचाई किंवा तिथली अशांतता, यांपैकी कारण असेल तर तिथल्या आचार्यांशी बोलून परत येण्याची मुभा ठरावातच लिहावी. काम सोपवणे आणि हिशेब देणे ही जबाबदारी विद्यार्थ्याची. तिसरी, वर्षाने येवो की महिन्याने, परत आलेल्याला आणायला कार्यकारिणीचे दोन सभासद जातील आणि पहिल्या पौर्णिमेला त्याचे अनुभव सर्वांना ऐकवले जातील.

तो विद्यार्थी आज शेवटच्या रांगेत बसला आहे. तो आता आपल्याच विहारात रविवारी मुलांना पाली वंदनेचा अर्थ शिकवतो, हे बऱ्याच सभासदांना ठाऊकही नसेल. अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही त्याला पुढे येण्याची विनंती करतो. जे भाषण आपण तेव्हाच ऐकायला हवे होते, ते आज ऐकू या. आमचे भाषण येथे संपले.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! नमो बुद्धाय!