खातं कुणाचं, ग्रुप कुणाचा?
(भवानी पेठ, सोलापूर इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



2 सप्टेंबर 2020 ही तारीख इथल्या बऱ्याच मुलांना पाठ असेल. त्या दिवशी सरकारने 118 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. 30 ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाला. पॉकेटमनीतून घेतलेले कपडे, बंदुकांचे रंग, दोन-दोन वर्षं खेळून मिळवलेली रँक, सगळं गेलं. घरच्यांना बरं वाटलं, ते सोडा. पुढच्या वर्षी खेळाची भारतीय आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने जुनं खातं तिकडे नेण्याची सोय दिली. ती तिची मर्जी होती. न देती तर तुम्ही काय करणार होता?

काहीच नाही, कारण खातं उघडताना आपण न वाचता ज्याला 'मान्य' म्हणतो, त्यात लिहिलेलं असतं की या वस्तू तुम्ही विकत घेतलेल्या नाहीत, तुम्हाला फक्त वापरायचं लायसन्स दिलंय. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पेठेतल्या जुन्या पागडीच्या खोलीत आजोबा राहत होते. मालक दुसरा, पण कोर्टात गेल्याशिवाय त्याला आजोबांना काढता येत नव्हतं. आता अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं; मुदत संपली की सामान उचला. इंटरनेटवर आपण सगळे दुसऱ्या प्रकारचे भाडेकरू आहोत, आणि इथे तर अकरा महिन्यांचीही हमी नाही.

हे असंच असायला हवं, असं नाही. नेदरलँड्समध्ये 2007 मध्ये दोन मुलांनी तेरा वर्षांच्या एका मुलाला मारहाण करून, धमकावून रुनस्केप या खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात घेतला. वकील म्हणाले, ही वस्तूच नाही, मग चोरी कसली? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं, ही चोरीच. त्या मुलाने त्यासाठी वेळ आणि कष्ट घातले होते आणि त्या वस्तूंवर ताबा त्याचा एकट्याचा होता. मला हा निकाल आवडतो, कारण न्यायाधीशांनी 'खेळच तर आहे' म्हणून हसण्यावारी नेलं नाही. अर्थात तो निकाल चोरापासून वाचवतो, कंपनीपासून नाही.

खेळापेक्षा मला जास्त काळजी ग्रुपची वाटते. मोहल्ल्याचा ग्रुप, जमातीचा ग्रुप, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांचा गिऱ्हाईकांचा ग्रुप. हे कुणाचे? अ‍ॅडमिनला वाटतं, माझे. माझ्या मते अ‍ॅडमिन मालक नसतो, तो मुतवल्ली असतो. वक्फची जमीन मुतवल्लीच्या हातात असते, पण त्याच्या बापाची नसते. ग्रुपमध्ये पाचशे माणसं आणली ती सगळ्यांनी, फोटो टाकले सगळ्यांनी, विश्वास जमवला सगळ्यांनी.

कायद्याने अ‍ॅडमिनला एक संरक्षण दिलंय, तेही सांगतो. 2016 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सदस्याने एका बाईबद्दल घाण लिहिलं. त्याला काढलं नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला. 1 मार्च 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराला तो जबाबदार नाही, असं कोर्ट म्हणालं.

म्हणजे 'माझ्यावर केस होईल' ही सबब संपली. तरीही मशिदीच्या हिशोबाबद्दल विचारलं, तलाकबद्दल एखाद्या मुलीने मत मांडलं, की 'रिमूव्ह'. ना सूचना, ना विचारणा. महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. नुसतं ग्रुपमधून काढणं त्यात बसतं, असा माझा दावा नाही. पण निकाह, जनाजा, वर्गणी सगळ्याची खबर त्याच ग्रुपवर येत असेल, तर काढलेल्या माणसाला मयतीची वेळ कोण सांगणार?

आणि मुलींनो, तुमच्यासाठी हा प्रश्न याहून कठीण आहे. 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला. तिथे माणसालाच माल केलं होतं. मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या, कारण बायका गप्प बसल्या नाहीत, तक्रारी दिल्या. तुमचा फोटो तुमचा आहे. 2021 च्या आयटी नियमांनी प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमायला लावलाय. त्याचा निर्णय पटला नाही तर 2023 पासून केंद्राच्या अपील समित्या आहेत; तीस दिवसांत अर्ज करायचा, ऑनलाइनच. खातं विनाकारण बंद केलं तरीही हीच वाट. स्क्रीनशॉट आणि तारीख मात्र आधी जपून ठेवा.

कंपनीशी भांडायला वेळ लागेल. आपल्या ग्रुपचं मात्र आजच ठरवता येतं. काढण्याआधी एकदा विचारायचं, कारण लिहून द्यायचं. निकाह-जनाजाच्या खबरांचा ग्रुप वेगळा ठेवायचा, त्यातून कुणालाच काढायचं नाही. आणि अ‍ॅडमिन एकच नको; त्याचा नंबर बंद पडला की सगळं अडकतं. या बैठकीच्या ग्रुपला सध्या मी एकटाच अ‍ॅडमिन आहे. चहानंतर आणखी दोघं निवडायची आहेत, त्यातली एक तरी मुलगी हवी. नावं सुचवा.