भटक्यांचा शब्द धोरणात हवा

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. सोळाव्या शतकात त्या नगरीत संत एकनाथ महाराजांनी भारुडे रचली. त्या भारुडांतून कोण बोलते? वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, कोल्हाटीण बोलते. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या माणसाच्या मुखातून समाजाला शहाणपण सांगता येते, असा नाथांचा विश्वास होता. चार शतकांनंतर त्याच माणसांविषयी कायदे होतात, योजना आखल्या जातात, आयोग नेमले जातात. मात्र निर्णयाच्या बैठकीत वासुदेव क्वचितच असतो आणि कोल्हाटीण तर नसतेच. भटक्या-विमुक्तांसाठी काय करावे, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. निर्णय घेताना त्यांच्या संघटनांचे स्थान कोणते असावे, या प्रश्नाकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. आज त्याचाच विचार करू.

कायद्याने लादलेली ओळख

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. मूल जन्माला येताच गुन्हेगार ठरू लागले. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना आणि पुढे तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यांपैकीच एक. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आपल्याहून पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिरा या बांधवांना स्वातंत्र्य मिळाले. म्हणूनच ते ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ मानतात.

त्यानंतर तरी चित्र पालटले काय? १९५९ साली तत्कालीन मुंबई राज्याने भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे या निमित्ताने दान घेणे, हेही त्याच्या व्याख्येत भीक ठरले. पहाटे दान पावल्याचे सांगत जाणारा वासुदेव, कुडमुडे जोशी, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, सारेच या व्याख्येत येऊ शकतात. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणत नाही. परंतु ती व्याख्या एखाद्या डोंबाऱ्याला विचारून लिहिली असती, तर ती अशी खचितच झाली नसती.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी आपल्या राज्यात २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक आहे. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब राज्यात वास्तव्यास होते, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे. ज्याचा आजा तेव्हा गाढवावर बिऱ्हाड लादून या गावाहून त्या गावाला जात होता, त्याने कोणत्या तलाठ्याचा उतारा आणावा? वास्तव्याचा पुरावा मागणारा नियम भटक्यालाच लावावा, यापरते दुर्दैव कोणते?

याद्यांकडे पाहा. कैकाडी समाज विदर्भातील बुलढाण्यात अनुसूचित जातींत मोडतो. त्याच समाजाचे शेजारच्या जालन्यातील कुटुंब विमुक्त जातींत. फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर राजपारधी विमुक्त जातींत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती. नातीगोती एक, देवदैवते एक आणि दाखले तीन! यातील योग्य काय, हे ठरवण्याचे हे स्थान नव्हे. मात्र या सीमारेषांचा रोजच्या जीवनावर होणारा परिणाम ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या संघटनांची साक्ष या विचारात अग्रक्रमाने यावयास हवी.

मतपेटीचे गणित

कोणी म्हणेल, लोकशाही आहे, त्यांनी आपला प्रतिनिधी निवडून द्यावा. परंतु प्रतिनिधी निवडला जातो तो मतदारसंघातून, आणि मतदारसंघ म्हणजे भूमी. ज्यांच्याजवळ भूमीच नाही, जे दहा पालांच्या गटाने शंभर गावांत विखुरलेले आहेत, ते कोणत्या प्रभागात बहुसंख्य होणार? स्थानिक स्वराज्य संस्थांत त्यांना स्वतंत्र राखीव जागा नाहीत. इतर मागास प्रवर्गाच्या वाट्यातच त्यांचा समावेश होतो आणि तेथे मोठ्या, संघटित समाजांपुढे मसणजोगी वा नंदीवाले यांचा निभाव लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, हे योग्यच झाले. पण ज्यांना ग्रामच नाही, त्यांची सभा कोठे भरावी? अशा समाजांसाठी संघटना हीच ग्रामसभा होय.

उत्तरेकडील नॉर्वेत रेनडिअर पाळणारा सामी समाज आहे. त्यांची स्वतःची निर्वाचित सभा १९८९ साली सुरू झाली आणि सामींशी संबंधित निर्णयापूर्वी तिच्याशी सल्लामसलत कशी करावी, याची कार्यपद्धती २००५ मध्ये तेथील शासनाने मान्य केली. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवावा, असे अपेक्षित आहे. परंतु संकेतस्थळावर ठेवलेला मसुदा पालापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचवून, वाचून दाखवून, मत नोंदवून घेणारी यंत्रणा हवी.

या दिशेने काहीच झाले नाही, असे नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये, तर भिकूजी तथा दादा इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिला. दोघेही पालांवर फिरलेले, म्हणून अहवालांतही पालांचे वास्तव उतरले. इदाते आयोगाने कायमस्वरूपी आयोगाची शिफारस केली. २०१९ मध्ये विकास व कल्याण मंडळ स्थापन झाले, २०२२ मध्ये ‘सीड’ योजना आली. मंडळ स्वागतार्हच, तथापि वैधानिक आयोगाची जागा ते घेऊ शकत नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प १९९३ पासून हेच शिकवतो आहे की, पालावर राहिल्याशिवाय पालाचा प्रश्न कळत नाही.

आपलीही चूक

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीसाठी आम्ही कार्यकर्त्यांनी निवेदन तयार केले. पहिली मागणी वसतिगृहाची होती. निवेदन वाचून दाखवल्यावर एक वृद्धा म्हणाली, “पोरं शिकतील, दादा. पन मानूस मेल्यावर न्यायचा कुठं? परवा सुनंला घेऊन तीन गावं हिंडलो.” दफनभूमीचा शब्दही आमच्या निवेदनात नव्हता. सेवाभाव होता, तळमळ होती. पण आम्ही विचारलेच नव्हते. त्यांची बाजू मांडण्याच्या उत्साहात आम्ही त्यांनाच गप्प बसवले होते.

दुसरी सावधगिरीही आवश्यक आहे. समाजाचा आवाज म्हणजे जातपंचायतीचा आवाज नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, तो अशाच जाचातून. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध उघड भूमिका घेतली, हाही समाजाचाच आवाज होता. ज्या संघटनेला शासनदरबारी स्थान द्यावयाचे, तिच्या कार्यकारिणीत स्त्रिया असाव्यात, तरुण असावेत आणि तिचा हिशेब खुला असावा.

कोणी विचारील, हा एवढा निकडीचा प्रश्न आहे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून, मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पिढ्यान्पिढ्या दारात येणारा गोसावी आपल्याला परका झाला, त्याचे हे फळ. समाजाला जो माणूस म्हणून ओळखीचा उरला नाही, त्याचा शब्द शासनाच्या कानी पडणार कसा?

आता आपण काय करावे? या जनगणनेत जातींचीही नोंद करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची अशी नोंद १९३१ नंतर झालेली नाही. प्रगणकाला पाल दाखवणारा, समाजाचे अचूक नाव सांगणारा त्या समाजाचाच कार्यकर्ता सोबत असावा, यासाठी आपण झटावे. जिल्ह्यात त्यांच्याविषयीची बैठक होईल तेव्हा त्यांच्या संघटनांना निमंत्रण असावे, असा आग्रह धरावा. आणि निमंत्रण आपल्याला आले, तर आपली खुर्ची त्यांना द्यावी. कागद आपण लिहू, वाहनाची सोय आपण करू. बोलू मात्र त्यांना द्यावे.

नाथांनी त्यांच्या मुखाने समाजाला बोध केला. आता त्यांच्या मुखातून त्यांचेच मनोगत ऐकण्याची पाळी आपली आहे.