विद्यार्थी आश्रित कोणाचा?

(सुवर्णमहोत्सवी शैक्षणिक मेळाव्यातील भाषण)



जून महिना उजाडला की वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव येथील पालकांची पावले उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राकडे वळतात. शिष्यवृत्ती असो, शुल्कसवलत असो वा शैक्षणिक कर्ज, मूळ प्रश्न एकच असतो : विद्यार्थी कोणाच्या उत्पन्नावर अवलंबून आहे?

दुकान एक, चूल एक आणि भाऊ तीन, अशी घरे आपल्या समाजात आजही नांदत आहेत. शासनाचे ‘कुटुंब’ मात्र याहून लहान असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ साली १० टक्के आरक्षण आले. त्याच्या ८ लाख रुपयांच्या मर्यादेसाठी उमेदवार, त्याचे आईवडील व १८ वर्षांखालील भावंडे, आणि विवाहित असल्यास जोडीदार व १८ वर्षांखालील अपत्ये, एवढ्यांचेच उत्पन्न मोजले जाते. काकांचे किंवा मिळवत्या थोरल्या भावाचे त्यात येत नाही. शेती, व्यापार, नोकरी हे सर्व मार्ग मात्र येतात. घर-जमिनीच्या अटी निराळ्या.

केवळ सज्ञान झाल्याने हे अवलंबित्व संपत नाही. अमेरिकेत केंद्रीय अर्थसाहाय्यासाठी २४ वर्षांचा विद्यार्थी स्वतंत्र गणला जातो. येथे पंचविशीतील उमेदवाराच्याही आईवडिलांचे उत्पन्न या मोजणीत येते. शैक्षणिक कर्जालाही सामान्यतः आई वा वडील सहकर्जदार लागतात.

आता दृष्टी समाजाकडे वळवावी. पितृछत्र हरपलेली एखादी कन्या काकांच्या घरी वाढते. मदतीच्या अर्जातील ‘कुटुंबाचे एकूण उत्पन्न’ या रकान्यात ती प्रामाणिकपणे साऱ्या दुकानाची मिळकत लिहिते आणि अर्ज बाजूला पडतो. असत्य कोणीही बोललेले नसते, तरी शिक्षण थांबते. याउलट, खरी मिळकत झाकून मिळवलेला दाखला दुसऱ्या गरजू मुलाचा वाटा हिरावतो. अचौर्याचे व्रत येथेही लागू आहे.

म्हणून विश्वस्त मंडळांनी आपल्या अर्जात तीन रकाने ठेवावेत : आईवडिलांचे उत्पन्न, एकत्र घराचे उत्पन्न, आणि शुल्क प्रत्यक्षात कोण भरणार. तिसऱ्या रकान्यातच खरी गरज दिसते. पालकांनीही प्रत्येक योजनेतील ‘कुटुंब’ शब्दाचा अर्थ वाचूनच दाखला काढावा, कारण तो योजनेनुसार बदलतो.

पन्नास वर्षे समाजाच्या विश्वासावर उभ्या असलेल्या संस्थेला एवढेच मागणे : ज्याचा तिसरा रकाना कोरा राहील, तो विद्यार्थी संस्थेचा आश्रित मानावा. ज्ञानदानाचा आरंभ तेथूनच व्हावा.

जय जिनेंद्र!