विहिरीचे पाणी आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी

आमच्या वसई भागात मुलगा अर्थशास्त्रात एम्. ए. करतो म्हटले की घरची माणसे विचारतात, "मग बँकेत लागणार ना?" विचारणे काही गैर नाही. पण याच शास्त्राची एक शाखा पाणी, जंगल, मासळी, खाजणे यांचा हिशेब मांडते, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते.

वसईचेच पाहा. पश्चिमेकडच्या वाड्यांतली केळी, पानवेल, फुले पिकत आली ती विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे वाडीतले तळे. पूर्वी रहाट असे. बैल दमला की उपसा थांबे. पुढे पंप आला, आणि पंप काही दमत नाही! शहर वाढले, टँकर भरू लागले, कित्येक बावखले बुजली. समुद्रकाठी जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्याला रेटून धरते. गोडे फार उपसले की खारे आत सरकते. मौज अशी, की उपसणाऱ्याच्या वहीत नफाच दिसतो. खार उतरतो शेजाऱ्याच्या विहिरीत. शिवाय आपण राखलेले पाणी दुसरा नेईल, या धास्तीने जो तो आधी उपसतो. यात कोणी एक दुष्ट नसतो, म्हणूनच हे कोडे अवघड.

हेच कोडे अमेरिकेत एका विद्यार्थिनीने हाती घेतले. तिचे नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम. गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच्. डी. ला तिला प्रवेश मिळाला नाही; ती राज्यशास्त्राकडे गेली. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यालगतचे भूजल हा तिचा प्रबंधाचा विषय. प्रबंध १९६५ साली पुरा झाला. तिथेही उपशामुळे समुद्र आत येत होता. पाणी उपसणाऱ्यांनी संघ केला, कोण किती उपसतो याचे आकडे मांडले, कोर्टाच्या साक्षीने वाटे ठरवले, आणि किनाऱ्यालगत विहिरींतून गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्याला अटकाव केला. सगळीकडे असे जमतेच, असे बाईंनी कधी म्हटले नाही. कुठे जमते नि कुठे मोडते, हेच त्या जन्मभर तपासत राहिल्या. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री!

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी करून पाटपाण्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजले. तो अहवाल १९४८ चा.

आता वाट कशी? बी. ए., एम्. ए., मग पीएच्. डी. आणि प्राध्यापकी किंवा संशोधन. विरारहून लोकलने गोरेगाव गाठले की तिथे रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. गणित मात्र सोडू देऊ नका. बाईंच्या काळी अडले तसे आजही अडते. वर्षे फार लागतात, आणि पगार उशिरा सुरू होतो, हेही घरी आधीच सांगून टाकावे.

गुरुजी, बाई, एक काम मुलांकडून आजच करवून घेता येईल. दर महिन्याच्या एक तारखेला शाळेजवळच्या पाच विहिरींत दोरीला दगड बांधून सोडावा, काठापासून पाणी किती खोल ते मोजावे आणि वहीत उतरवावे. चवही लिहावी: गोडे, मचूळ की खारे. पंप चालू असताना मोजू नये. रात्रभर विहिरीला पाझर लागू द्यावा आणि सकाळी, पहिली कळशी भरण्याआधी, दोरी सोडावी.